घाससोबती

टूमीने खोकं ओद्नीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, कपाळाचा घाम पुसला, आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "ह्याचं नाव काय?"

चालतं कसं, बिघडलं तर बघणार कोण, असं दुसऱ्या कुणी आधी विचारलं असतं. पण आमच्या काल्दएरी गावात हे प्रश्न मागाहून येतात. आमच्या बेटावर माणसं मूठभर आणि भाषा हजार वर्षांची. बाहेरचा शब्द जसाच्या तसा तोंडात घ्यायचा म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश वापरल्यासारखं वाटतं आम्हाला. वस्तू परकी चालते, नाव घरचं लागतं. घरातले दोन जुने शब्द घ्यायचे, एकमेकांना जोडायचे, जोड नीट बसला की वस्तू आपली झाली.

टूमीने खोक्यावरचं परदेशी नाव वाचून दाखवलं.

"हे नाव नाही, शिंक आहे," ओद्नी म्हणाली.

"अगं, नाव काही का असेना! जेवू घालतं की नाही ते बघ."

"बिननावाच्या हातचं मी खात नाही. तुझ्या आईने तरी खाल्लं असतं का?"

टूमी हसला. तो पालिकेत म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची व्यवस्था बघायचा. त्याची आई माशांच्या कारखान्यात ओद्नीच्या शेजारी उभी राहून काम करायची, आणि हा गुलाम तेव्हा ओद्नीच्या एप्रनच्या खिशातून ज्येष्ठमधाच्या गोळ्या चोरायचा. आता साहेब झाला होता. पण आमच्याकडे साहेबालाही नावानेच हाक मारतात आणि 'तू'च म्हणतात, मंत्र्यालासुद्धा. त्यामुळे ओद्नीला त्याचा कान धरायला कधी अडचण आली नाही. अडचण एवढीच की आता कान धरायला तिचे हात उठत नव्हते.

ओद्नीचे दोन्ही हात खांद्यापासून गेले होते. मज्जातंतूंचा काहीतरी आजार. त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते तिला अजिबात आवडलं नव्हतं. पाय धड, जीभ तर अति धड, पण हात मात्र वाळत घातलेल्या स्वेटरच्या बाह्यांसारखे लोंबत. दार पाठीने, दिवा खांद्याने, रेडिओ नाकाने. फोन तिचं बोलणं ऐकून आपला आपण चालायचा. कपडे आणि अंघोळ मात्र दुसऱ्याच्या हाती, आणि जेवणही.

बाईचा जन्म नावं ठेवण्यात गेला, असं मी म्हटलं तर तुम्ही मराठी माणसं भलताच अर्थ घ्याल. पण ते अगदी खरं आहे, दोन्ही बाजूंनी. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, टोकाला तिच्या बापाची मेंढरं होती. आमच्याकडे प्रत्येक मेंढीला नाव असतं, आणि वसंतात कोकरं झाली की नाव ठेवायचं काम या पोरीकडे. रंग बघायची, चाल बघायची, आईला कशी ढुशी देते ते बघायची, मगच बोलायची. धुकंनाकी, उशीरपायी, पाद्रीशेपटी. बाप म्हणायचा, हिने ठेवलेलं नाव मेंढी मेली तरी मरत नाही. पुढे मेंढरं विकली, ओद्नी गावात आली, आणि कारखान्याच्या गारठ्यात उभी राहून तिने हॅडॉक मासे सोलण्यात आयुष्य काढलं. तिथे जी नवी यंत्रं आली त्यांचीही बारशी तिनेच केली. मुंडकी उडवणाऱ्या यंत्राला तिने त्या वेळच्या मॅनेजरचं नाव दिलं होतं, ते यंत्र भंगारात गेल्यावरच सुटलं. लग्न केलं नाही. एकदा होता होता राहिलं. कुणी त्यावर फार खोदून विचारलं तर "बोट चुकली" म्हणायची आणि कॉफी ओतायची.

तर अशा बाईला हात नसणं हे एक दुःख, आणि घरात कुणी नसणं हे दुसरं. पहिल्याबद्दल ती सगळ्यांशी बोलायची. दुसऱ्याबद्दल कुणाशीच नाही.

दुपारी मात्र हालिना यायची. हालिना मूळची पोलंडची. नवऱ्यामागून इथल्या कारखान्यात आली, नवरा परत गेला, ही राहिली, आणि पालिकेच्या घरमदतीच्या कामाला लागली. बूट दारात काढायची, बटाटे उकडायची, मासा उकडायची, लोणी वितळवायची आणि ओद्नीच्या शेजारी खुर्ची ओढून तिला एकेक घास भरवायची. भरवता भरवता भाषा शिकायची. ओद्नी घास तोंडात धरून तिच्या चुका काढायची, हालिना चमचा हवेत धरून वाद घालायची.

"आधी गीळ, मग शिकव," हालिना म्हणायची. "मासा अडकला घशात तर मला कागद भरायला लागतात."

"मी मेले तर तुला कागदाचं पडलंय!"

"मेलीस तर रडीन. पण कागद पहिला."

या भरवण्यात हालिनाचं स्वतःचं जेवण निवून जायचं. ओद्नीचं ताट संपलं की ती उभ्या उभ्या गार बटाटे तोंडात कोंबायची आणि पुढच्या घरी पळायची. ओद्नीला ते रोज खुपायचं, आणि खुपतं म्हणून ती रोज काहीतरी खवचट बोलायची. प्रेमाचं बोलणं तिला कधी सरळ जमलंच नाही.

टूमीने आणलेलं यंत्र म्हणजे एक रोबो हात. टेबलाला घट्ट बसवायचा, समोर खणांचं ताट. हनुवटीजवळ एक बटण. ते दाबलं की हात वाकतो, हव्या त्या खणातून चमचा भरतो, ओठांपाशी येऊन थांबतो. आपण तोंड उघडलं की घास आत, चमचा मागे. घाई नाही, थरथर नाही, सांडलवंड नाही. पहिल्या दिवशी टूमी आणि हालिना दोघं उभे राहून बघत होते, आणि ओद्नी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली होती.

दुसऱ्या दिवशी टूमी नव्हता. हालिनाने ओद्नीचं ताट भरलं, मग स्वतःचं भरलं, आणि करायला काहीच उरलं नाही म्हणून समोरच्या खुर्चीवर बसली. शेजारी नाही, समोर. दोघींच्या ताटांतून वाफ येत होती. ओद्नीने बटण दाबलं, हालिनाने काटा उचलला, आणि दोघींनी एकाच वेळी पहिला घास घेतला.

"अय्या," हालिना म्हणाली. "गरम मासा असा लागतो होय!"

त्या दिवशी त्या दोघी खूप वेळ बसल्या. हालिनाने आपल्या आईच्या शेपूच्या सुपाचं वर्णन केलं, ओद्नीने चुकलेल्या बोटीची गोष्ट सांगितली, जी तिने गावात कुणालाही कधी सांगितली नव्हती. कुणीतरी भरवत असताना माणूस भरवणाऱ्याच्या हाताकडे बघतो. त्या दिवशी तिने हालिनाचं तोंड बघितलं. पाहुणी आली आहे, आपण यजमान आहोत, आपण दोघी जेवतो आहोत, असं तिला कित्येक वर्षांनी वाटलं. हालिना बूट घालत होती तेव्हा ती यंत्राकडे बघून म्हणाली, "ह्याचं नाव सापडलं."

आमच्या भाषेतला तिचा तो शब्द दोनच तुकड्यांचा आहे, एक जेवणाचा आणि एक मित्राचा. मराठीत सांगायचं तर घाससोबती.

आता योग असा की त्याच सुमाराला राजधानीत अपंग संघटनेची शब्दसमिती बसली होती. अशा समित्या आमच्याकडे सगळ्यांच्या असतात, डॉक्टरांच्या, विणकाम करणाऱ्या बायकांच्या, घोड्यांना नाल ठोकणाऱ्यांच्या. अपंगांसाठी नवी नवी रोबो साधनं येत होती आणि त्यांना घरची नावं हवी होती. समितीतली रागना नावाची बाई दर आठवड्याला रेडिओवर येऊन लोकांकडून शब्द मागायची. सगळा देश कामाला लागला. पायांना बांधून चालवणाऱ्या सांगाड्याला कुणी चालचिलखत म्हणालं. पलंगावरून उचलणाऱ्याला उचलपाळणा. घरभर फिरून केर काढणाऱ्याला केरउंदीर, तो तर लगेच घराघरांत शिरला. भरवणाऱ्या हातासाठी समितीतल्या विद्वानांनी स्वतःच एक शब्द केला होता, भोजनसाहाय्यक यंत्रबाहू. तो उच्चारून होईपर्यंत सूप गार होतं.

हालिनाने ओद्नीला न विचारता रेडिओला फोन लावून दिला. ओद्नी बोलली. रागनाने शब्द ऐकला आणि ती म्हणाली, "हे झालं. आता आणखी कुणी शब्द पाठवू नका."

मग काय विचारता! गावाच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड आहे, सगळं गाव संध्याकाळी तिथे गळ्यापर्यंत बुडून राजकारण करतं. हालिनाने ओद्नीला तिथे नेऊन बसवलं तर लोकांनी तिच्यासाठी जागा केली, टाळ्या वाजवल्या. पोरंसोरं तो शब्द बोलायला लागली, कुणी भावाच्या ताटातला बटाटा उचलला तरी म्हणे, मी तुझा घाससोबती. टूमी सायीचा केक घेऊन आला. पालिकेने आपल्या पत्रकात ओद्नीचा फोटो छापला, यंत्राशेजारी बसलेली, चक्क हसणारी. आमच्या लोकांचा एक दोष आहे, तो इथे सांगून टाकतो. एखाद्या वस्तूला भाषेत चांगलं नाव मिळालं की आम्हाला वाटतं, झालं, आता त्या वस्तूचं काम मिटलं, हिच्याकडे पुन्हा बघायला नको. घाससोबती हा शब्द इतका गोड होता की तो ज्याला चिकटला ते गोडच असणार, यात कुणाला शंका राहिली नाही. ओद्नीलाही नाही. ती खुशीत होती.

थंडी पडली, सूर्य हिवाळाभरासाठी डोंगराआड गेला, आणि टूमी आला. या वेळी केक नव्हता. त्याने बूट काढले, बसला, टोपी हातात फिरवत राहिला.

"बोल की," ओद्नी म्हणाली. "तुझी आईसुद्धा वाईट बातमी असली की अशीच टोपी फिरवायची."

"दुपारची हालिना बंद होणार ओद्नी. सकाळची बाई येईल, संध्याकाळची येईल. पण दुपारी नाही."

"का?"

"माणसं नाहीत गं. सगळे काम सोडून राजधानीकडे पळतायत. खिंडीपलीकडे सेल्विकला इल्लुगी आहे, रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायची गाडी चालवायचा तो. त्याचे हात इतके थरथरतात की चमचा तोंडाऐवजी कानात जातो. त्याला भरवायला कुणीच नाही. हालिनाला दुपारी तिकडे पाठवावं लागणार. नियमच आहे, ज्याला आपलं आपण जेवता येतं त्याला दुपारची माणसाची मदत नाही. तुला काय, तुझ्याकडे घाससोबती आहे."

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. अगदी मनापासून, ओद्नीला बरं वाटावं म्हणून बोलला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. इल्लुगीला भरवू नका असं कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि मला एकटीला जेववत नाही, असं बोलायची तर तिला सवयच नव्हती. ती म्हणाली, "कॉफी घे थर्मासमधली. मला देता येत नाही."

मग एकटीच्या दुपारी सुरू झाल्या. सकाळची बाई घाईघाईत कपडे चढवायची, ताट भरून झाकून ठेवायची, ताटाखालची विजेची पट्टी ते ऊन ठेवायची. ती गेली की दार वाजायचं ते थेट संध्याकाळी. डोंगराच्या सावलीत दुपार असून नसल्यासारखी, जरा उजाडल्यासारखं होतं आणि मावळतं. ओद्नी रेडिओ लावायची. ताटावरचं झाकण दाताने ओढून काढायची. बटण दाबायची. चमचा यायचा. मासा ऊन असायचा, बटाटे ऊन असायचे, लोणी बेताचं असायचं, एक थेंब कुठे सांडायचा नाही. तक्रार करावी असं काही नव्हतंच, तेच वाईट होतं. सुरुवातीला ती यंत्राशी बोलून बघायची. "आज मीठ कमी पडलंय," म्हणायची. चमचा यायचा. "नको मला," म्हणायची. चमचा ओठांपाशी येऊन वाट बघत थांबायचा, त्याला काय, तो संध्याकाळपर्यंत थांबला असता. एकदा जेवता जेवता तिला रडू आलं. नाक पुसायला हात नाही. डोळ्यांतलं पाणी, नाकातलं पाणी, सगळं ओठांवर आलं, आणि मधोमध चमचा, भरलेला, स्थिर. तिने घास घेतला. खारट लागला. त्यानंतर ती यंत्राशी बोलली नाही.

हालिना अधूनमधून फोन करायची.

"खिंडीत बर्फ, वारा. मी गाडी चालवते आणि देवाला शिव्या देते," हालिना सांगायची. "हा इल्लुगी बोलतो, बोलतो, बोलतो. मी एक घास देते, तो दहा गोष्टी देतो. माझं जेवण परत गार."

"मग त्याला सांग की गप्प बस म्हणून."

"कसं सांगू? तो म्हणाला, कालपासून कोणाशी बोललो नाही. तू काय करतेस दुपारी?"

"जेवते."

"आणि?"

"आणि काय? जेवते."

"मला तुझ्याकडे यायचं आहे ओद्नी. इथे लांब आहे. आणि माझी भाषा खराब व्हायला लागली. हा माणूस चुका काढतच नाही."

त्या फोननंतर ओद्नीने टूमीला बोलावलं. घरी यायला लावलं, बसवलं, आणि सरळ म्हणाली, "हे यंत्र घेऊन जा. मला हालिना पाहिजे."

टूमीने डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. आमच्या सरकारी माणसांचा चेहरा नियमात वाट सापडली की असा उजळतो.

"होईल की! तू यंत्र परत दिलंस तर तुला दुपारी माणूस द्यावाच लागेल. आणि हेच यंत्र इल्लुगीकडे बसवता येईल. मग हालिना मोकळी. तुझ्याकडे येईल. खिंड पण टळेल तिची."

"मग कर."

"फक्त त्याने हो म्हणायला हवं, नाहीतर तुझ्याकडे पाठवायला माणूसच नाही. आम्ही दोनदा विचारलं, तो यंत्र म्हटलं की दार लावून घेतो. पण तुझं ऐकेल तो. अगं, शब्द कुणाचा आहे हे रेडिओवर ऐकलंय त्याने. तू त्याला सांग, चांगलं आहे म्हणून. तुला कोण नाही म्हणेल?"

ओद्नीने "सांगते" म्हटलं. खोटं कुठे बोलायचं होतं? यंत्र चांगलंच होतं. दोन दिवस ती मनात वाक्यं जुळवत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागत होती. हालिना आली की तिला काय काय सांगायचं, कुठल्या चुकीबद्दल कसं झापायचं, याची उजळणी चालली होती. इल्लुगीचं काय होईल हा विचार दाराशी यायचा. ती त्याला आत घ्यायची नाही.

फोन आला तो सूर्यकॉफीच्या दिवशी. जानेवारी सरता सरता सूर्य पहिल्यांदा डोंगरावरून डोकं काढतो, गल्लीत उन्हाची एक पट्टी पडते, आणि सगळं गाव साखर पेरलेल्या पातळ धिरड्यांची गुंडाळी करून कॉफीबरोबर खातं. एकटं कुणी खात नाही. शेजारच्या घरातून हसण्याचा आवाज येत होता. तिला बोलावलं असेलच की कुणीतरी, असं प्रत्येक घराला वाटलं होतं. सकाळच्या बाईने आठवणीने दोन धिरडी करून, तुकडे करून ताटात ठेवली होती.

"ओद्नी का?" फोनमध्ये घोगरा आवाज आला. "मी इल्लुगी. सेल्विकचा. हालिनाने लावून दिला फोन. इथेच आहे ती, धिरडी भाजतेय. जाळतेय, खरं म्हणजे."

"जाळत नाही! खोटारडा!" मागून हालिनाचा आवाज आला, आणि ओद्नी फोनच्या आणखी जवळ वाकली.

"टूमी म्हणतो, तुझ्याकडचं ते यंत्र घे," इल्लुगी म्हणाला. "मी त्याला नाही म्हणत होतो. पण तो म्हणाला ओद्नीला विचार. तर विचारतो. सांडतं का गं ते?"

"एक थेंब नाही."

"दातावर आपटतं का? मला पुढचे दोनच राहिलेत."

"नाही. ओठांपाशी थांबतं. आपण घ्यायचं."

"सूप?"

"सूपसुद्धा. मटणाचं, तुकड्यांसकट."

"वा," इल्लुगी म्हणाला. "वा वा. म्हणजे या बाईला गरम गरम जेवता येईल, म्हणजे... नाही, ती नसेलच ना तेव्हा. मी तुला खरं सांगू? बर्फाची गाडी चालवायचो तेव्हा दिवसच्या दिवस एकटा असायचो खिंडीत, तर काही वाटायचं नाही, कारण पलीकडे कुणीतरी रस्ता मोकळा व्हायची वाट बघत असायचं. आता कुणी बघत नाही. मी सकाळी उठतो तो दुपारची वाट बघायला. ही येते, मला भरवते, मी बडबडतो, तिला निम्मं कळत नाही. पण बसते. ती गेली की मी दुसऱ्या दुपारची वाट बघतो. म्हणून भ्यायलो होतो यंत्राला. पण तू त्याला घाससोबती म्हणालीस. रेडिओवर ऐकलं मी, आणि मला वाटलं, ही बाई काही उगाच म्हणणार नाही. म्हणजे सोबत होते ना त्याची? जेवताना?"

मागे तव्यावर काहीतरी चुरचुरलं. हालिना कान देऊन ऐकत होती, हे ओद्नीला तिच्या गप्प बसण्यावरून कळलं. एक 'हो' म्हणायचं होतं. हालिनालाही तेच हवं होतं, टूमीलाही. म्हातारा पलीकडे ती म्हणेल ते मानायला तयार बसला होता.

"नाही," ओद्नी म्हणाली.

"काय?"

"नाही होत सोबत. ते चमचा उचलतं. तू तोंड उघडलंस की भरवतं, रडत असलास तरी भरवतं. त्याला काही कळत नाही. मी ज्या दिवशी ते नाव दिलं त्या दिवशी हालिना समोर बसून जेवत होती, म्हणून मला तसं वाटलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशातली गत आहे. आयुष्यात एवढी नावं ठेवली, हे एकच चुकलं, आणि नेमकं हेच सगळ्या देशाच्या तोंडी बसलं. ऐक माझं. यंत्र घेऊ नकोस. टूमी कितीही गोड बोलला तरी घेऊ नकोस. हालिनाला सोडू नकोस."

इल्लुगी हळूच म्हणाला, "मग तू कुणाबरोबर जेवतेस गं?"

"कुणाबरोबरच नाही."

आपण हे वाक्य मोठ्याने बोललो, याचंच तिला नवल वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आणि ज्याला सांगितलं त्याला तिने नीट बघितलेलंही नव्हतं.

म्हाताऱ्याचा हात थरथरत असणार, फोन कशावर तरी टकटक आपटत होता. त्याने तो बंद केला नाही, तिनेही "बंद कर" म्हटलं नाही. हालिना जवळ आल्याची चाहूल लागली. ती इल्लुगीला म्हणाली, "चल. तोंड उघड. गरम आहे, फुंकर मारते."

खिंडीच्या अलीकडे ओद्नी कान लावून बसली होती. पलीकडे तो चावत होता, हालिना फुंकर मारत होती, पुन्हा चावत होता. तिने हनुवटीने बटण दाबलं आणि त्यांच्याबरोबर धिरड्याचा घास घेतला.